आकडा ‘लागतो’, पैसे ‘जातात’

जुगाराला मराठीत शब्दांची वाण नाही. द्यूत आहे, जुगार आहे, सट्टा आहे. परंतु जुगार खेळणारा माणूस यांपैकी एकही शब्द स्वतःसाठी वापरीत नाही. विठ्ठलवाडीच्या चाळीत काय किंवा डोंबिवलीच्या सदनिकेत काय, तो फक्त ‘आकडा लावतो’.

‘लावणे’ हे क्रियापद किती सोज्वळ आहे पाहा. आपण रोप लावतो, दिवा लावतो, मुलांना शिस्त लावतो. या संसारी पंक्तीत आकडाही निमूटपणे येऊन बसला. पुढे तो आकडा ‘लागतो’. पोराला नोकरी लागते तसाच. जणू काही वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ पदरी पडले! आणि लागला नाही, तर पैसे ‘गेले’. ते कोणी घालवले, हे वाक्य सांगतच नाही. घरातला कर्ता आणि वाक्यातला कर्ता असे दोघेही एकदमच नाहीसे होतात.

आपल्या परिसराला तर या शब्दच्छलाचा खास डाग लागला आहे. ‘कल्याण मटका’ हे नाव ऐकून परक्या माणसाला वाटते की हा धंदा आपल्या कल्याण शहराने जन्माला घातला. वस्तुतः तो १९६२ साली वरळीत सुरू झाला आणि नाव पडले ते कच्छहून मुंबईस आलेल्या कल्याणजी भगत यांच्यावरून. त्यापूर्वी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या भावांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा आकडे येथेच काढण्याची युक्ती निघाली. १९६४ मध्ये रतन खत्री यांचा ‘न्यू वरळी मटका’ आला. मडक्यातून चिठ्ठ्या काढीत, म्हणून मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. नाव मात्र तेच राहिले. घरातल्या पाण्याच्या माठाची आठवण देणारे इतके निरुपद्रवी नाव कोण कशाला टाकील? त्यात वर ‘कल्याण’! गिरणगावच्या कामगारांच्या पगारावर हे कल्याण पोसले गेले, आणि ते कोणाचे झाले हे त्या चाळींतील बायकांना कोणी विचारले नाही.

या धंद्याचा उरलेला शब्दसंग्रहही असाच उसनवारीचा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शेअरबाजाराचे शब्द, त्यामुळे व्यवहाराला प्रतिष्ठा येते. ‘जोडी’ लग्नमंडपातून आणली, ‘संगम’ नद्यांकडून. प्रामाणिक शब्द शोधायला विदर्भात जावे लागते. तिकडच्या सट्ट्याच्या बातम्यांत ‘लगवाडी’ आणि ‘खायवाडी’ वाचावयास मिळते: एक लावतो, दुसरा खातो. हिशेबही तसाच आहे. एकेरी आकडे दहा, लागणार एक, आणि रुपयाला नऊ रुपये हा रूढ भाव. समजा, एखाद्याने दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. त्याचा आकडा कधीच चुकणार नाही. आणि तरीही तो दहा रुपये देऊन नऊ रुपये घेऊन घरी येईल. याला ‘नशीब’ म्हणतात. शाळेत आम्हांला याला वजाबाकी म्हणायला शिकवले होते.

आकडा फोनमध्ये शिरला, तेव्हा ‘नशीब’ मागे पडून ‘कौशल्य’ हा नवा शब्द पुढे झाला. त्याला कायद्याचा आधार होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंध कायद्यातून कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, आणि रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकाअखेरीस म्हटले होते. न्यायालयाने पत्त्यांच्या खेळाविषयी काढलेला तो शब्द जाहिरातदारांनी उचलला आणि पगाराच्या दिवशी तरुणांच्या हाती दिला. पैसे लावा असे कोणीच म्हणेना. ‘टीम बनवा’ म्हणत. ज्या बोनससाठी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या गेटसभा घेतल्या, तो ‘बोनस’ येथे न मागता मिळू लागला. जाहिरातीच्या शेवटी मात्र कोणीतरी घाईघाईने पुटपुटे की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. पुन्हा ‘लागू शकते’!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य असो वा नशीब, दोन्ही एकाच मापाने. हे योग्यच झाले. पण मटकाही कायद्याने निषिद्धच होता, आणि तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. दुकानाला टाळे लावता येते. ‘टाइमपास’, ‘गंमत म्हणून’, ‘मॅचवर नुसते शंभर’ या शब्दांना कोण लावणार?

येथे एक भेद मानायला हवा. पत्नी शेजारणीला हळूच सांगते, “ह्यांना जरा नाद आहे,” तेव्हा तीही सौम्य शब्दच वापरते. परंतु तो लाजेने निवडलेला असतो, अब्रू झाकण्यासाठी. विक्रेत्याचा सौम्य शब्द गिऱ्हाईक वाढवण्यासाठी असतो. दोघांना एकाच तराजूत घालणारा उपदेशक मला मान्य नाही.

मग सणाच्या दिवशीची हाउजी आणि रॅफल? हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. ख्रिस्तसभेची शिकवण, १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आहे ती, नशिबाच्या खेळांना मुळातच अन्यायकारक ठरवीत नाही. स्वतःच्या आणि इतरांच्या गरजांसाठी लागणारे जेव्हा त्यात हिरावले जाते, तेव्हा ते अनैतिक ठरतात. आणि खेळाची आसक्ती माणसाला गुलाम करते असा इशाराही तेथे आहे. हाउजीचे तिकीट ठरलेल्या किमतीचे असते आणि खेळ संध्याकाळी संपतो. तेव्हा ती बंद करा असे मी म्हणत नाही. पण आठ वर्षांच्या मुलापुढे तिकिटांचा गठ्ठा धरून ‘नशीब आजमावा’ असे आपणच ओरडावे? तो शब्द त्याला कोणाकडून प्रथम ऐकायला मिळाला, हे त्याच्या लक्षात राहील. धर्मग्रामाच्या सण समितीने यंदाच्या पत्रकातून ती ओळ काढावी आणि तिच्या जागी तिकिटाचा पैसा कोणत्या कामाला जाणार, तेवढे छापावे.