बाल न्याय मंडळाच्या कामात विद्यार्थी हवेत

मे 2024मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला आणि अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधाची चर्चा घरोघर झाली. संताप रास्त होता. पण त्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड झाली. बाल न्याय मंडळापुढे येणारी बहुतेक मुले गरिबाघरची असतात आणि त्यांच्या बाजूने बोलणारा कागद एकच असतो, सामाजिक तपासणी अहवाल.

अंबाजोगाई, धारूर किंवा परळीतला सोळा वर्षांचा मुलगा मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पकडला गेला, तर त्याला कोठडीत डांबता येत नाही. 24 तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्यांत एक तरी महिला असते. मुलगा पहिल्यांदा हजर झाल्यापासून 15 दिवसांत त्याच्या घराची, शाळेची, कामाची, संगतीची माहिती काढून प्रोबेशन ऑफिसरने अहवाल द्यावा, असे 2015चा कायदा सांगतो. बीड जिल्ह्यात तालुके 11. बीड ते अंबाजोगाई सुमारे 90 किलोमीटर. एकेका वस्तीवर निवांत बसून बोलायला अधिकाऱ्याने वेळ आणायचा कुठून?

आणि आपल्या जिल्ह्यात ही चौकशी मुळातच अवघड. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. जानेवारीत गावात गेलेल्या माणसाला घराला कुलूप दिसते. मुलगा आजीजवळ राहिलेला किंवा फडावर नेलेला असतो. हजेरीपटावर तो सतत गैरहजर, अहवालात पालकांचे दुर्लक्ष. उचल किती होती, ती फिटली का, थोरल्याची शाळा धाकट्याला सांभाळण्यासाठी सुटली का, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत तर मंडळाला तो मुलगा कळणार कसा?

हे प्रश्न नेमके कुणाला सुचतील? आपल्याच महाविद्यालयांत बसलेल्या मुलामुलींना. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी कोयता आहे. अंबाजोगाईत मानवलोकचे समाजकार्य महाविद्यालय आहे, योगेश्वरी महाविद्यालय आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने इतर पदवी अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाला श्रेयांक दिले आहेत. हे श्रेयांक एखाद्या कार्यालयात झेरॉक्स काढून मिळवण्यापेक्षा या कामातून मिळावेत, असे आमचे ठाम मत आहे. प्रोबेशन ऑफिसर नसेल तेव्हा ही चौकशी समाजसेवकाकडे सोपवण्याची मुभा कायद्यातच आहे. मग अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याने हातभार लावण्यात वावगे काय?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. संकटातल्या मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून उभी राहिली. या संस्थेचे तुळजापूरचे संकुल आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर एवढी जबाबदारी नको, अशी शंका काही प्राध्यापकच काढतील. पण अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे वरिष्ठांच्या नजरेखाली इंटर्न रुग्ण तपासतात आणि त्यातूनच डॉक्टर घडतात. धोका वयात नाही, देखरेखीशिवाय सोडून देण्यात आहे.

गोपनीयतेची शंका मात्र आम्ही हलकी मानत नाही. मुलाचे नाव, गाव, फोटो उघड करणे हा कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. सेल्फीच्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या काळात एक चुकीचा फोटो मुलाला गावातून उठवू शकतो. म्हणून आधी प्रशिक्षण आणि लेखी हमी, मगच भेटी. स्वतःच्या गावातले प्रकरण विद्यार्थ्याला देऊ नये. एसटीचे भाडे आणि मानधन मिळालेच पाहिजे, नाहीतर ज्यांची गरज आहे तीच मुले मागे राहतील. शासनाने रिकामी पदे भरण्याचे टाळून फुकटचे मनुष्यबळ म्हणून विद्यार्थ्यांकडे पाहिले, तर या योजनेला सर्वात आधी आम्ही विरोध करू.

पंधरवड्याच्या इंटर्नशिपचाही उपयोग नाही. मंडळाने चौकशी 4 महिन्यांत संपवावी, असा कायदा आहे. महाविद्यालयाचे सत्रही साधारण तेवढेच असते. एका विद्यार्थ्याने एकच मूल घ्यावे. पहिल्या घरभेटीपासून निकालापर्यंत आणि पुढे शाळेत किंवा आयटीआयमध्ये नाव दाखल होईपर्यंत तोच त्याच्यासोबत राहावा.

डिसेंबर 2024मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यापासून बीडच्या गुन्हेगारीवर राज्यभर बोलले जात आहे. बंदोबस्त वाढवा, शस्त्रपरवाने तपासा, हे सारे हवेच. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला टोळीआधी कोण गाठणार, याचेही उत्तर जिल्ह्याने द्यायला हवे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने विद्यापीठाशी आणि महाविद्यालयांशी करार करण्यासाठी मुंबईची वाट पाहू नये. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी गळीत हंगामापूर्वी तयार झाली, तर आई-बाप गावातच भेटतील आणि ते कोणत्या कारखान्याकडे, कोणत्या मुकादमाबरोबर निघाले आहेत, हे फाईलवर नोंदवता येईल.