झेंडूच्या माळेआधी

आज खंडेनवमी. उद्या विजयादशमीच्या सकाळी गल्लोगल्ली मोटारसायकली धुतल्या जातील, हँडलला झेंडूची माळ आणि आंब्याचा टहाळा बांधला जाईल, पेट्रोलच्या टाकीवर हळदकुंकवाचे बोट उमटेल आणि चाकाखाली लिंबू चिरडले जाईल. या पूजनास माझा आक्षेप असण्याचे कारणच नाही. परंतु शस्त्रपूजनात गंधाक्षतांच्या आधी एक काम असे, त्याचे स्मरण करून द्यावेसे वाटते. शस्त्र म्यानातून काढावयाचे, गंज घासावयाचा, धार पाहावयाची, तेलाचा हात फिरवावयाचा आणि मगच ते पाटावर मांडावयाचे. आपण पूजा ठेवली आणि धार पाहणे तेवढे सोडले.

दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीला अशी एक ‘धार’ असते. दोन्ही सिलिंडरांना हवा सारखी मिळते की नाही, हे पाहणे. संस्कृतच्या एका अध्यापकाने आणि कीर्तनकाराने या विषयात का शिरावे, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण जुने आहे. राजदूत ३५० ही गाडी १९८३ साली आपल्या रस्त्यांवर आली, तेव्हा मी विशी ओलांडलेला नवशिका कीर्तनकार होतो, आणि माझ्या तबलजीने हौसेने ती घेतली होती. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीकडच्या गावांत आम्ही तिच्यावरून जात असू. मांडीवर झांजांची पिशवी, त्याच्या पोटाशी बांधलेला डग्गा. ३४७ घनसेंटीमीटरची, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. दोन्हींचा मेळ बसलेला असे त्या दिवशी घाट केव्हा सरला हे कळत नसे. बिघडला असेल त्या दिवशी वळणावळणावर गाडी कुरकुरे, आणि कीर्तनास उभे राहिल्यावरही माझ्या तळपायांना मुंग्या येत असत. तबलजी दोन्ही सायलेन्सरांमागे आळीपाळीने तळहात धरून, कान देऊन, स्क्रू फिरवीत बसे. तबला मिळवावा तशी तो गाडी मिळवी.

पुढे चाळीस वर्षांनी हाच खेळ मी जर्मनीत पाहिला. म्युनिक शहराजवळ माझा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. २०२३ सालच्या गणेशोत्सवात तिकडच्या मराठी मंडळींनी कीर्तनासाठी बोलाविले, तेव्हा मुक्काम त्याच्याकडेच होता. त्याने बीएमडब्ल्यूची आर ११५० जीएस ही जुनी गाडी विकत घेतलेली. बर्लिनच्या श्पांडाऊ भागातील कारखान्यात बनलेली, ११३० घनसेंटीमीटरची. तिचे दोन सिलिंडर उजवीकडे आणि डावीकडे दोन बाहू पसरल्यासारखे आडवे असतात. कार्ब्युरेटर नाहीत. त्यांच्या जागी प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेच्या वाटेत बसविलेली एक फिरती चकती. मुठीतून निघालेली एक केबल पुढे दोन होते आणि एकेक शाखा एकेका चकतीस ओढते. पेट्रोल किती सोडावयाचे ते संगणक ठरवितो.

पुतण्याची तक्रार अशी की, संथ वेगात गाडी हुंदके देते आणि तासाभरात हातांस बधिरता येते. त्याने ती एका वर्कशॉपात नेली. तेथे संगणकास संगणक जोडण्यात आला, दोष नाही असे पत्रक निघाले आणि पाठोपाठ बिलही निघाले. गाडी होती तशीच राहिली.

येथेच या सर्व प्रकरणाचे मर्म आहे. या गाडीत चकती किती उघडली हे सांगणारा सेन्सर एकच असतो, आणि तो असतो डाव्या बाजूस. उजवीकडे डोळाच नाही. डावी चकती पाहून संगणक जेवढे पेट्रोल डावीकडे सोडतो, तेवढेच उजवीकडेही सोडतो. दोघी बहिणी सारख्याच उघडल्या असतील या भरवशावर. उजवीची केबल केसभर सैल झाली की उजवीकडे हवा कमी येते, पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच. पुढे दोन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र होतो आणि त्या एकत्र धुरातला प्राणवायू मोजणारा दुसरा सेन्सरही एकच. त्याला सरासरी दिसते. उजवीकडे पेट्रोल जास्त झालेले, म्हणून तो एकंदर पेट्रोल कमी करावयास लावतो, आणि त्यामुळे डावीकडे उणे पडते. एक बाजू अधिक, एक बाजू उणी, बेरीज चोख! पत्रक निर्दोष निघते ते यामुळे. त्या संगणकास खोटारडा म्हणता येणार नाही. त्याला जे विचारले नाही त्याचे उत्तर त्याने दिले नाही, इतकेच.

म्हणून हे काम माणसाच्या डोळ्याने करावे लागते, आणि ते घरच्या अंगणात होते. पुतण्याने पुरुषभर उंचीची एक फळी आणली. चार-पाच मीटर लांबीची पारदर्शक नळी मध्ये दुमडून तिच्यावर उभी ठोकली आणि दुमडीपासून निम्म्या उंचीपर्यंत तीत टू-स्ट्रोकचे तेल भरले. नळीचे एक टोक डाव्या थ्रॉटल बॉडीच्या शोषण-तोटीस, दुसरे उजव्या. इंजिन सुरू झाले की दोन्ही बाजू तेल ओढतात. ओढ सारखी असेल तर तेल दोन्हीकडे एका रेषेत थांबते. ओढ किती आहे हे कोठेही मोजावे लागत नाही. ‘तुला’ या शब्दाचे हेच तर वैशिष्ट्य: तराजूच्या दोन पारड्यांस एकमेकांशी काम असते, आकड्याशी नसते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांचेही तसेच. एक लावल्यावर दुसरी तिच्याकडे नेत जावयाचे. दोन स्वरांत जी लाट ऐकू येते ती मंदावत मंदावत नाहीशी झाली की जोड लागली.

पहिल्या खेपेस फजिती झाली. उजवीकडची नळी निसटली, डाव्या सिलिंडराने समोरचे सगळे तेल एका घोटात गिळले आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरली. शेजारचे वृद्ध गृहस्थ खिडकी उघडून पाहू लागले. बरे, तो शनिवार होता. त्या देशात रविवारी असा आवाज केलेला खपत नाही. मात्र तेल कोणते भरावे याचा धडा मिळाला. जुन्या साधनांत पारा असे; तो विषारी आणि इंजिनात गेला तर घातक. टू-स्ट्रोकचे तेल चुकून गेलेच तर जळून जाते.

दुसऱ्या खेपेस क्रम नीट पाळला. आधी थंड इंजिनावर व्हॉल्व्हचे अंतर फिलर गेजने पाहिले. या गाडीस हवेच्या बाजूस ०.१५ आणि धुराच्या बाजूस ०.३० मिलिमीटर. ते चुकलेले असेल तर पुढची सारी खटपट व्यर्थ, कारण एका व्याधीस दुसरीने झाकल्यासारखे होते. मग पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवून इंजिन तापविले. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही फक्त तेलाकडे बघा आणि सांगा.” तेल उजवीकडे चार बोटे चढले. मी सहजच म्हणालो, “अरे, उजवा तर चांगला जोरकस दिसतो!” तो हसला. खरे त्याच्या उलट असते. जिकडे ओढ अधिक, तिकडे वाट अधिक बंद. कोंडलेला माणूस जोराने श्वास ओढतो, त्याला बलवान म्हणत नाहीत. इतकी वर्षे श्वासावर व्याख्याने देऊन ही गोष्ट मला एका नळीने शिकवावी!

संथ चालीस, म्हणजे मिनिटास सुमारे ११०० फेऱ्यांवर, प्रत्येक बाजूच्या पितळी स्क्रूने हवेची पोटवाट कमीजास्त करून तेल समपातळीस आणले. नंतर मूठ किंचित पिळून २००० च्या पुढे नेली. येथे चकत्या आपल्या आधारावरून उचलल्या जातात, म्हणून येथला दोष केबलचा. उजव्या केबलचा नट पाव फेरा, पुन्हा अर्धा पाव. मूठ सोडल्यावर दोन्ही केबलींत किंचित सैलपणा उरला पाहिजे, हे पुनःपुन्हा पाहावयाचे. तेल थरथरत एका रेषेत येऊन थांबले, तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला. चिपळ्या एकदम बरोबर पडू लागल्या की मागचा टाळकरी मान हलवितो, तशी माझी मान हलली.

आता उत्साही तरुणांस दोन कडक शब्द. बंद पडवीत किंवा वाड्याच्या दिंडीत हे काम करू नये. सायलेन्सरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच नेतो. गाडी उघड्यावर असावी. हवेने थंड होणारे इंजिन उभ्या जागी फार तापते, म्हणून समोर टेबलफॅन ठेवावा आणि तरीही मधून मधून थांबावे. आणि चकतीच्या आधाराचा जो स्क्रू कारखान्यात रंगाचा ठिपका लावून बंद केलेला असतो, त्यास हात लावू नये. सेन्सरचे शून्य त्याच्यावर उभे आहे. तो हलविला की घरी मेळ बसविणे जवळजवळ अशक्य होते. घरी काम करण्याचा अधिकार मला मान्य आहे, पण कोणत्या स्क्रूस हात लावावयाचा नाही हे कळणे हा त्या अधिकाराचाच भाग आहे.

यावर आमच्या गावचे एक स्नेही म्हणाले, “शास्त्रीबुवा, ज्याचे काम त्याने करावे. मिस्त्रीच्या पोटावर पाय कशाला?” मला हे पटत नाही. घाईत असलेल्या मिस्त्रीस एका गाडीसाठी तासभर तेलाची रेषा पाहत बसणे परवडत नाही. मालकास परवडते, कारण उद्या घाटात तिच्यावर त्याचाच मुलगा मागे बसणार असतो. शिवाय, एकदा स्वतः मेळ बसविलेल्या माणसास गाडीचा पुढचा बिघाड कान देऊनच कळतो, आणि तो मिस्त्रीकडे जातो तो नेमकी तक्रार घेऊन. चांगल्या मिस्त्रीस असे गिऱ्हाईक आवडते.

आपल्याकडेही २०१८ पासून रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० दिसू लागली आहे. तीही दोन सिलिंडरांची आणि इंजेक्शनवर चालणारी, पण तिची मांडणी जर्मन गाडीहून निराळी. एकीचे माप दुसरीस लावू नये. आमच्या आळीतील एका मुलाने ती घेतली आहे. उद्या तो पूजेसाठी ती दारात आणील. फळी आणि नळी माझ्याकडे तयार आहे, तंबोऱ्याच्या खुंटीशेजारीच टांगली आहे. त्याने आपल्या गाडीची पुस्तिका वाचून यावे आणि अर्धा लिटर तेल आणावे.