आधी पारख, मग पालट

पनवेलहून खोपोलीकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आमचे चौक गाव वसले आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून मुंबई-पुण्याची रहदारी या वाटेने चालत आली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर तिचा मोठा भाग तिकडे वळला, तरी घाटाखालची गॅरेजे अद्याप ओस पडलेली नाहीत. मोडलेले वाहन पुन्हा चालते करणे ही या रस्त्याची जुनी विद्या आहे. बैलगाडीचा आस मोडला तर तो सुतारास दिसे आणि गाडीच्या धन्यासही दिसे. आजच्या मोटारीत मात्र असा एक भाग आहे की, तो बिघडला आहे किंवा नाही हे धन्यास दिसत नाही आणि पुष्कळदा मिस्त्र्यासही दिसत नाही. तो भाग म्हणजे इंजिनाचा संगणक. गॅरेजातील भाषेत ईसीएम. तो केव्हा बदलावा व बदलण्यापूर्वी काय करावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कारण हा प्रश्न जितका यंत्राचा आहे, तितकाच सामान्य कुटुंबाच्या गाठीच्या पैशाचा आणि कारागिराच्या सचोटीचा आहे.

हा संगणक आपल्याकडे कसा आला ते आधी पाहू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही लहान मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या इंजिनास पेट्रोल पुरविण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ सालीच फोक्सवॅगन मोटारीसाठी विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारण्याची योजना सिद्ध केली होती; परंतु आपल्या देशातील सर्वसाधारण गाडीत ती येण्यास धुरावरील कडक नियम कारण झाले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली परिसरात युरोपीय धर्तीचे नियम लागू झाले, आणि २००० सालच्या सुमारास मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही कार्ब्युरेटरच्या जागी संगणक व इंजेक्टर बसले. या गाडीचे उत्पादन २०१४ च्या आरंभी थांबले. तथापि त्या पिढीच्या गाड्या अजून आपल्या भागात भाजी, दूध, आजारी माणसे आणि शाळेची मुले वाहत आहेत. त्यांतील कित्येकींचे वय आमच्या दहावीच्या मुलांहून अधिक आहे.

या संगणकाचे काम समजण्यास शाळेचाच दाखला घ्यावा. मुख्याध्यापक आपल्या खोलीत बसलेले असतात. कोणत्या वर्गात किती मुले आली, कोठे शिक्षक गैरहजर आहेत, हे शिपाई येऊन सांगतो, आणि त्या वर्दीवरून ते हुकूम देतात. संगणकाचेही असेच आहे. क्रँकशाफ्ट कोणत्या स्थितीत आहे, इंजिनातील पाणी किती तापले, हवा किती आत आली, धुरात प्राणवायू किती उरला, ही वर्दी निरनिराळे सेन्सर त्यास देतात. तीवरून इंजेक्टर सेकंदाचे किती सहस्रांश उघडा ठेवावा व ठिणगी केव्हा पाडावी, हे तो ठरवितो. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखण्याची त्याची खटपट असते. आता शिपायाने खोटी वर्दी दिली किंवा तो वाटेतच अडकला, तर हुकूम चुकीचा निघणारच. पण तेवढ्यावरून मुख्याध्यापकांस बडतर्फ करणे हा न्याय होईल काय?

मोटारीच्या बाबतीत असा अन्याय वारंवार घडतो. गाडी सेल्फ मारूनही सुरू होत नाही, चढावर झटके देते, अथवा इंजिनाचा दिवा पेटून राहतो. दोन-चार भाग बदलून गुण आला नाही की, "ईसीएम गेला" असा निकाल दिला जातो. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचाच हा प्रकार होय. वस्तुतः संगणक बंद पेटीत असतो आणि आपण होऊन सहसा मरत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या तारा मात्र ऊन, तेल, पाणी आणि उंदीर यांच्या तावडीत असतात. माथेरानच्या डोंगराखाली आपल्याकडे पावसाळाभर जो पाऊस कोसळतो, त्यात कपलरच्या पिना हिरव्या पडतात आणि अर्थच्या तारेचा बोल्ट गंजतो. अर्थ ढिला झाला की बॅटरी उत्तम असूनही संगणकास पुरते व्होल्ट मिळत नाहीत व त्याच्या मोजमापांत खोट येते. पुष्कळ सेन्सरांस संगणकाकडून पाच व्होल्टचा पुरवठा होतो. त्यांपैकी एखादा आतून शॉर्ट झाला तर तो साऱ्या पुरवठ्यास खाली ओढतो, आणि पाहणारास संगणकच मेला असे वाटते.

यास्तव पारखीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम बॅटरी, फ्यूज आणि मुख्य रिले पाहावेत. नंतर एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने संगणकाची अर्थची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मल्टिमीटर लावावा. तेथे व्होल्टच्या एकदशांशाहून बरेच अधिक दिसल्यास तार किंवा बोल्ट दोषी समजावा. पुढे सेन्सरांचे पाच व्होल्ट मोजावेत, आणि ते कमी भरल्यास एकेक सेन्सरचा कपलर काढून कोणता काढल्यावर पुरवठा पूर्ववत होतो हे पाहावे. त्या काळच्या कित्येक गाड्यांत दोषाचा अंक दिव्याच्या उघडझापीवरून वाचता येतो. त्यास महाग स्कॅनरही लागत नाही. या साऱ्यास वेळ लागतो, पण मोल फार पडत नाही.

ही पारख टाळल्यास काय होते, याचे एक उदाहरण आमच्या परिचयातील आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील जुन्या मोटारीतून भाजी नेऊन विकतात. गाडी बंद पडली तेव्हा शहरातील एका गॅरेजात तिचा संगणक बदलण्यात आला. पंधरा दिवसांत नवा संगणकही जळाला. पुढे आपल्या जुन्या रस्त्यावरील एका मिस्त्र्याने तारा सोडवून पाहिल्या, तेव्हा इग्निशनची कॉइल आतून शॉर्ट झालेली आढळली. तिने ओढलेल्या जादा प्रवाहानेच दोन्ही संगणक जळले होते. पहिला संगणक खरोखरीच गेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. तो गेला असे म्हणणारा खोटे बोलला नव्हता. तो कशाने गेला, हे मात्र त्याने विचारले नाही. त्या न विचारलेल्या एका प्रश्नापायी मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी बाजूस ठेवलेली रक्कम खर्ची पडली.

पारखीअंती संगणकच दोषी ठरला, तर मात्र तो बदलण्यास कचरू नये. केवळ रीत सांभाळावी. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. जुन्या पेटीवरील भागक्रमांक नव्याशी अक्षरशः ताडून पाहावा. पेट्या दिसण्यात सारख्या असल्या तरी आतील मांडणी निराळी असू शकते. ज्या गाड्यांत चोरी रोखणारे इमोबिलायझर आहे, तेथे किल्लीची संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. ती न करता नुसती पेटी बसविल्यास गाडी सुरू होत नाही आणि चांगला भागही वाया गेला असा भ्रम होतो. कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजारातून पेटी आणावयाची झाल्यास पावती व परत घेण्याची हमी मागून घ्यावी. कधी कधी आतील पट्टीवरचा एखादा कपॅसिटर गळलेला किंवा झाळ सुटलेली असते. कुशल हात ती पेटीच दुरुस्त करू शकतो.

मग सर्वच मिस्त्री अशी पारख का करीत नाहीत? त्याचे एक कारण आपण गिऱ्हाईकच आहोत. सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो, परंतु दोन तास डोके चालवून दोष शोधल्याचे पैसे मागितले की घासाघीस करतो. दुसरे कारण असे की, वायरिंगचे नकाशे आणि तपासणीची साधने लहान गॅरेजांपर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे त्याविरुद्ध अपिले झाली. तरी सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांपासून अडवून धरणे हा बाजारातील अन्याय आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. सर्व माहिती खुली केल्यास चोरांचे फावेल, असे कंपन्यांच्या बाजूने म्हटले जाते. किल्लीच्या गुप्त अंकांपुरते हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु कोणती तार कोठे जाते आणि तीवर किती व्होल्ट असावेत, एवढे कळल्याने कोणाचीही गाडी चोरीस जात नाही.

जुन्या गाड्या जगवाव्यातच कशास, असेही कोणी विचारील. जी गाडी पंधरा वर्षांनंतरच्या योग्यता-तपासणीस किंवा धुराच्या कसोटीस उतरत नाही, तिचा मोह धरू नये, असेच आमचेही मत आहे. पण जी उतरते, ती केवळ चुकीच्या निदानामुळे भंगारात घालणे ही उधळपट्टी होय. त्याचप्रमाणे संगणक काढून जुना कार्ब्युरेटर बसविण्याचा जो सल्ला मिळतो, तोही घेऊ नये. धूर आटोक्यात राहतो तो त्या संगणकामुळेच.

तेव्हा पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, "ईसीएम बदला" असे कोणी सांगितल्यास तीन प्रश्न विचारावेत: अर्थ व पुरवठा मोजला काय? दोषाचा अंक कोणता आला? जुना संगणक कशाने गेला? आणि जो मिस्त्री या तिन्हींची उत्तरे देईल, त्यास त्याच्या बुद्धीचे मोल हसतमुखाने द्यावे. विद्यार्थिमित्रहो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही व्होल्ट आणि रोध यांची गणिते सोडविता, ती याच कामाची आहेत. शाळा सोडल्यावर तुमच्यापैकी कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेतला, तर त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती मल्टिमीटर आहे आणि जो मोजल्यावाचून निकाल देत नाही, असा मनुष्य या रस्त्यावर प्रत्येक गॅरेजात असावा, अशी आमची इच्छा आहे.