हुरहुर आपल्याही पावसाची

पहिली सर आली रे आली की निम्म्या कॉलेजच्या स्टेटसवर ‘गारवा’ वाजायला लागतं. तीस सेकंदांचा तुकडा, काचेवरचे थेंब, एक हार्ट. संपलं! आमचं म्हणणं एवढंच आहे, की यंदा हा अल्बम तुकड्यात नको, सलग ऐका.

‘गारवा’ आला १९९८ मध्ये. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मागे सिनेमा नाही, पडद्यावर हिरो नाही. कविता सौमित्र यांच्या, चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. सौमित्र म्हणजे किशोर कदम, ‘फँड्री’तला जब्याचा बाप. आधी ते साध्या बोलण्याच्या सुरात कविता म्हणतात, मग इंगळे गातात. तरीही पंचवीसेक वर्षं हे टिकलं. का?

कारण यात सुख आणि दुःख वेगळं करून वाढलेलं नाही. चाल ओठांवर खेळणारी, हलकी. शब्दांच्या तळाशी मात्र कुणीतरी जवळ नसल्याची कळ. गाणं गुणगुणता गुणगुणता घशात काहीतरी अडकतं. मराठीत याला नेमका शब्द आहे, हुरहुर. आणि एक गंमत बघा, ‘गारवा’ची पहिली कविता पावसाने नाही, उन्हाने सुरू होते. मे महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या गाण्यांतला पाऊस प्रेमाचा, आठवणींचा. आपल्या जिल्ह्यातला पाऊस आधी पेरणीचा. वणी, पुसद, दारव्ह्याकडून शिकायला आलेल्या कितीतरी जणांना पाऊस पडला की दोन गोष्टी एकदम आठवतात: ‘ती’ किंवा ‘तो’, आणि घरची कपाशी. उघडीप लांबली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, आणि मग आपल्या फीचं काय? कानात गाणं, डोक्यात हिशेब. हे दोन्ही एकाच वेळी वाटणं म्हणजे काही गुन्हा नाही. गाणं ऐकून बरं वाटलं म्हणून घरच्यांशी बेइमानी होत नाही, आणि घरची काळजी आहे म्हणून प्रेमात पडायला बंदीही नाही.

हसू आणि कळ एकत्र नांदवणं आपल्या मातीला नवं नाही. यवतमाळचेच भाऊसाहेब पाटणकर मराठी शायरीत थेट मरणाची थट्टा करायचे आणि समोरचे लोक खळखळून हसायचे. ‘गारवा’ शहरातून आला असेल, पण त्यातली हुरहुर आपल्या ओळखीची आहे.

म्हणून सलग ऐका. आणि इयरफोन काढल्यावर गप्प राहू नका. जे आत दाटलंय ते रूममेटला सांगा, घरी फोन करा, किंवा वहीच्या मागच्या पानावर चार ओळी खरडा. तुरीच्या, कपाशीच्या वावरातल्या पावसाचा, एसटीच्या खिडकीतल्या प्रेमाचा असा अल्बम अजून आपली वाट पाहतोय. तो मुंबई-पुण्याहून येणार नाही. तो तुमच्यापैकीच कुणाला तरी लिहावा लागेल.