आचाऱ्याला व्यवस्थापक कोणी केले?

महाबळेश्वरचा पावसाळा म्हणजे अर्ध्या गावाला सक्तीची विश्रांती. पर्यटक ओसरतात, कित्येक हॉटेलांच्या भट्ट्या थंडावतात आणि एरवी मिस्सा संपताच कामावर धावणारी माणसे धर्मगुरूकडे घटकाभर बसू शकतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब माझ्याकडे आले. मुलगा येथील एका हॉटेलात आठ वर्षे आचारी आहे. कॅनडात स्थायिक होण्यासाठी त्याने एजंटामार्फत नाव नोंदवले होते आणि त्यासाठी त्यांना माझे शिफारसपत्र हवे होते. सोबतच्या कागदांवर मी नजर टाकली. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते: रेस्टॉरंट मॅनेजर, कोड ६००३०.

‘अरे, तू मॅनेजर कधी झालास?’ मी विचारले. मुलाने मान खाली घातली. उत्तर वडिलांनी दिले: ‘फादर, एजंट म्हणाला, आचारी लिहिलं तर फाइल हलायची नाही. आणि नुसता कोड तर आहे! तुम्ही पत्रात तेवढं मॅनेजर म्हणा.’

मी तसे लिहिले नाही. त्या दिवशी ते कुटुंब नाराज होऊन गेले. परंतु ‘नुसता कोड तर आहे’ हे वाक्य मी आजवर इतक्या घरांतून ऐकले आहे, की त्याचा समाचार उघडपणे घेणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम हा कोड म्हणजे काय ते पाहू. कॅनडाच्या शासनाने त्या देशातील सर्व व्यवसायांचे वर्गीकरण केले आहे. त्याला संक्षेपाने ‘एनओसी’ म्हणतात. आपल्याकडील ‘ना हरकत’ दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही. पूर्वी हे कोड चार अंकी होते. १६ नोव्हेंबर २०२२ पासून परदेशी अर्जदारांसाठी पाच अंकी कोड लागू झाले. आचाऱ्याचा कोड ६३२००, मुख्य शेफचा ६२२००, रेस्टॉरंट व्यवस्थापकाचा ६००३०, स्वयंपाकघरातील मदतनिसाचा ६५२०१. यातील दुसरा अंक त्या कामासाठी किती शिक्षण, प्रशिक्षण वा अनुभव लागतो हे सांगतो. कुशल कामगारांच्या योजनेत हा अंक ० ते ३ यांपैकी असावा लागतो. आता आचाऱ्याच्या कोडातला दुसरा अंक पुन्हा वाचा. तो ३ आहे. म्हणजेच ज्या देशात हा मुलगा जाऊ पाहतो, त्या देशाच्या शासनाने आचाऱ्याला कुशल कामगार मानलेलेच आहे!

आणखी पुढे जाऊ. या योजनेत पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण मिळवावे लागतात. त्यांतले अनुभवाचे गुण किती वर्षे काम केले यावर ठरतात. सहा किंवा अधिक वर्षांना १५ गुण. ती वर्षे व्यवस्थापकाच्या खुर्चीत गेली की शेगडीसमोर, याने त्या १५ गुणांत फरक पडत नाही. त्यानंतर १,२०० गुणांची जी स्पर्धा होते, तिच्यातही परदेशातील अनुभव वर्षांनीच मोजला जातो. नोकरीचे निमंत्रण हाती असणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापकांना पूर्वी जादा गुण मिळत. ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. उलट त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडाने कारागिरांच्या खास निवडीची यादी वाढवली आणि तीत आचाऱ्याचा व्यवसाय घातला. म्हणजे या खोट्या कोडाने त्या मुलाचा एक गुणही वाढला नव्हता. उलट त्याच्यासाठी उघडलेले एक दार मात्र त्याने आपल्या हाताने लावून घेतले होते.

मग लाभ नसताना हे असत्य कशासाठी? त्या एजंटाचे अज्ञान हे एक कारण झाले. परंतु एजंटाने आपल्या घरात येऊन हे पटवले कसे? ते आपल्याला आधीच पटलेले होते म्हणून. आचारी हा शब्द आपल्याला कमीपणाचा वाटतो. लग्नाच्या परिचयपत्रात आपण त्याला ‘हॉटेल लाइनमध्ये’ म्हणतो, पाहुण्यांसमोर ‘मॅनेजमेंटमध्ये’. त्याच्या हातचे जेवून तृप्त होतो आणि त्याच्या कामाचे नाव घेताना आवाज खाली आणतो. हातांनी करायच्या कामाविषयीचा हा तिरस्कार आपल्या समाजात फार जुना आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो धुऊन निघायला हवा होता. निघालेला नाही, हे कबूल करू या.

ज्या प्रभूची आपण उपासना करतो, त्याला नाझरेथचे लोक सुतार म्हणून ओळखत. शुभवर्तमानकारांनी ते लपवले नाही. पेत्र कोळी होता, पौल तंबू शिवणारा होता, आणि मत्तयाचा जकातनाक्यावरचा धंदा तर लोकांच्या तिरस्काराचा होता. तोही त्याच्या नावापुढे तसाच लिहिला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. कामाची थोरवी प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, कामाच्या प्रकारामुळे नव्हे, हा त्यातला गाभा आहे. आपण त्यावर प्रवचने ऐकतो आणि घरी जाऊन मुलाच्या अर्जावर मॅनेजर लिहितो.

आपल्या या डोंगराचीच एक गोष्ट सांगतो. १८३४ च्या सुमारास येथे, माल्कम पेठेत, पूर्वेकडील इंग्रज वसाहतींतून आणलेल्या चिनी कैद्यांसाठी तुरुंग होता. १८६४ साली तो बंद झाला. त्या कैद्यांनी येथे बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. सरकारी दप्तरात ते कैदीच राहिले. माळी वा बुरूड म्हणून त्यांची नोंद कोण करणार? त्यांच्या हातांतल्या कौशल्यासाठी रकानाच नव्हता. आज आपल्या मुलासमोर तो रकाना आहे, आणि आपण त्यात दुसऱ्याचेच काम लिहितो.

काही सुशिक्षित मित्र माझ्याशी वाद घालतात. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या सोयीचे नियम केले. गरिबाने ते चुकवले तर फादरांनी एवढे रागावावे का? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. कॅनडाचे जुने नियम खरोखर अन्यायाचे होते. १९१४ साली कोमागाता मारू जहाजावरील बहुतेक भारतीयांना व्हॅन्कुव्हरच्या बंदरातून परत पाठवले गेले. १९५१ च्या करारानेही साऱ्या भारताला वर्षाकाठी केवळ १५० जागा मिळाल्या. तेथे प्रश्न ‘तू कोठला?’ असा होता. १९६७ साली गुणपद्धती आली, तेव्हा तो प्रश्न ‘तुला काय येते?’ असा झाला. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु जन्माऐवजी कौशल्य विचारणारा प्रश्न मिळवायला आधीच्या पिढ्यांना फार सोसावे लागले, आणि त्याला खोटे उत्तर देणारा त्या श्रीमंत राष्ट्राचे काही बिघडवीत नाही. तो आपल्यामागून येणाऱ्या खऱ्या आचाऱ्याच्या कागदावर संशय आणून ठेवतो.

दुसरा बचाव असा, की चूक एजंटाची, आम्हांला काय ठाऊक? कायद्यापुढे हा बचाव सहसा टिकत नाही. अर्ज कोणी भरला हे गौण. त्यातले विधान अर्जदाराचे. कॅनडाच्या कायद्यातील ४० व्या कलमानुसार खोटी माहिती देणाऱ्यावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. पंजाबातील विद्यार्थ्यांची कथा सर्वांनी वाचली असेल. जालंधरच्या एका एजंटाने दिलेली महाविद्यालयांची प्रवेशपत्रे बनावट निघाली आणि २०२३ साली, तेथे शिकून नोकरीला लागलेल्या मुलांवरही हद्दपारीची टांगती तलवार आली. पुढे एजंटाला शिक्षा झाली. परंतु मधल्या काळात त्या मुलांच्या डोळ्यांतली झोप गेली ती गेलीच. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज भरून देणाऱ्याला अधिकृत परवाना लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नाही. सल्लागारांसाठी २०२१ पासून तेथे स्वतंत्र नियामक संस्था आहे आणि तिच्या यादीत नाव शोधता येते. ज्याचे नाव तेथे नाही आणि जो तुमच्या खात्याचा पासवर्ड तुम्हांलाच देत नाही, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका.

या प्रकरणात माझे हातही स्वच्छ नाहीत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयात आया म्हणून राबणाऱ्या भगिनीला मी पत्र दिले. दया म्हणून त्यात ‘परिचारिका’ असा शब्द घातला. परदेशी नोकरीच्या मुलाखतीत तिला परिचारिका म्हणून नोंदणी क्रमांक विचारला गेला. तिच्याजवळ तो कोठून असणार? ती परत आली आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. रुग्णाला उचलणे, पुसणे, भरवणे या तिच्या पंधरा वर्षांच्या सेवेला मी माझ्या पत्रात नावच दिले नव्हते, हे मला तेव्हा कळले. ती माझी दया नव्हती. आयाच्या कामाची मला वाटलेली लाज होती. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको म्हणते, आणि शिफारसपत्र ही साक्षच असते.

आता चूक सुधारायची कशी? अर्ज फेटाळला जाईल या भीतीने लोक चूक तशीच ठेवतात, म्हणून सविस्तर सांगतो. निमंत्रण आलेले नसेल तर आपल्या खात्यात जाऊन कोड स्वतः बदलता येतो; त्याला शुल्क नाही. निमंत्रण आले असेल तर अर्ज भरण्यास ६० दिवस असतात. खऱ्या कोडाने पात्रता टिकते का ते पाहावे. टिकत नसेल तर निमंत्रण नाकारावे. नाकारणे हा गुन्हा नव्हे. अर्ज दाखल होऊन गेला असेल, तर त्यांनी विचारण्यापूर्वीच आपण खुलासा आणि पुरावे पाठवावे. त्यानेही अर्ज वाचेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु आपण होऊन सांगितलेली चूक आणि पकडलेली लबाडी यांत कोणताही अधिकारी फरक करतोच.

आणि कोड निवडताना दारावरची पाटी पाहू नका, काम पाहा. तेथील अधिकारी हुद्दा वाचून थांबत नाहीत. मालकाच्या पत्रात कामांचे वर्णन, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा शोधतात. माणसे नेमणे, खर्चाचा ताळेबंद सांभाळणे, पुरवठादारांशी व्यवहार करणे हे व्यवस्थापकाचे. पदार्थ रांधणे, शेगडी आणि मदतनीस सांभाळणे हे आचाऱ्याचे. मालकाने प्रेमाने ‘मॅनेजरसाहेब’ म्हटले, तरी हात कशात होते ते हातांना ठाऊक असते.

तो मुलगा आठवड्याने एकटाच परत आला. एजंटाकडून पासवर्ड मिळवायला त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. माझ्या कार्यालयातील संगणकापुढे बसून त्याने ६००३० काढले आणि ६३२०० लिहिले. गुणांची बेरीज पुन्हा झाली. जितके होते तितकेच राहिले. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होता. मग म्हणाला, ‘फादर, म्हणजे इतके दिवस उगाच?’

त्याला निमंत्रण येईल की नाही, मला ठाऊक नाही. माझे पत्र त्याला मी त्याच दिवशी दिले. त्यात लिहिले आहे, की हा आठ वर्षे आचारी आहे, आमच्या सणाच्या पंगतीला दोनशे माणसांचे जेवण त्याने रांधलेले मी पाहिले आहे आणि त्यात कधी मीठ चुकलेले नाही. ते पत्र त्याच्या वडिलांनी वाचले. ते काही बोलले नाहीत, पण घडी घालून खिशात ठेवले.

ज्यांना माझ्याकडून पत्र हवे असेल, त्यांनी जरूर यावे. येताना हुद्दा आणू नये. आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, ते कागदावर लिहून आणावे. तेवढेच मी लिहीन.