विश्लेषण : सहा टोकांचा तारा – आकार एकच, मग वाद कशावरून?

पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस इमारतींच्या भिंतींवर स्टेन्सिलने काढलेले निळे, सहा टोकांचे तारे दिसले. हा इस्रायलला पाठिंबा की ज्यूंची घरे हेरण्याचा प्रकार? शहरात भीती पसरली. साध्या भौमितिक आकृतीत एवढी ताकद कुठून आली?

काय आहे हा तारा?

एक समभुज त्रिकोण सुलटा, दुसरा उलटा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की मध्ये षट्कोन आणि भोवती सहा टोके. हिब्रूत त्याला ‘मागेन डेव्हिड’, म्हणजे ‘डेव्हिडची ढाल’ म्हणतात. मुंबईत भायखळ्याच्या सिनेगॉगचे नावही हेच. पण ही आकृती केवळ ज्यूंची नाही. तांत्रिक यंत्रांमध्ये आणि अनाहत चक्राच्या चित्रात ती आहे, दिल्लीतील हुमायूनच्या कबरीवरही आहे.

मग ज्यूंची ओळख कशी बनली?

झिओनिस्ट चळवळीने १८९७ च्या बाझल परिषदेच्या सुमारास हे चिन्ह स्वीकारले. २८ ऑक्टोबर १९४८ रोजी ते इस्रायलच्या अधिकृत ध्वजावर आले. या दोन घटनांच्या मधल्या काळात नाझींनी त्याचाच शिक्का केला. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत सहा वर्षांवरील ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. जून १९४२ मध्ये हीच सक्ती जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये आली. म्हणूनच पॅरिसच्या भिंतींवरचे तारे निळे असूनही लोकांना तो काळ आठवला.

डिझाइनमध्ये गफलत कुठे होते?

ताऱ्याचा अर्थ रंग आणि शेजारच्या गोष्टींवरून ठरतो. ‘झारा’ने २०१४ मध्ये लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट बाजारात आणला. छातीवर पिवळा, सहा टोकांचा तारा. कल्पना अमेरिकी शेरीफच्या बिल्ल्याची होती. पण पट्टे आणि पिवळा तारा एकत्र पाहून लोकांना छळछावणीतील कैद्यांचे कपडे आठवले. कंपनीने माफी मागून शर्ट मागे घेतला.

जुलै २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्विटमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या फोटोमागे डॉलरच्या नोटा आणि बाजूला लाल तारा होता. ज्यू आणि पैसा ही जुनी बदनामी त्यातून डोकावते, अशी टीका झाली. ताऱ्याच्या जागी वर्तुळ आले. तो शेरीफचा तारा होता, असा खुलासा ट्रम्प यांनी केला.

पॅरिसमध्ये पुढे काय झाले?

मोल्दोव्हाच्या एका जोडप्याला अटक झाली. परदेशातील व्यक्तीच्या सांगण्यावरून, पैशांसाठी हे केल्याचे तपासात पुढे आले. या ताऱ्यांचे फोटो पसरवण्यासाठी रशियाशी संबंधित नेटवर्कच्या १,०९५ बॉट खात्यांवरून ‘एक्स’वर २,५८९ पोस्ट टाकल्या गेल्या, असे फ्रान्स सरकारने सांगितले. चिन्हाचा अर्थ संदिग्ध ठेवला की भीती आपोआप पसरते, हे यातून दिसले.

आपल्या फोनमध्ये काय?

इमोजीत असे दोन तारे आहेत. युनिकोडने एकाला ‘स्टार ऑफ डेव्हिड’ नाव दिले आहे, दुसऱ्याच्या मध्ये ठिपका आहे. बॅनर किंवा स्टेटससाठी तारा निवडताना नाव, रंग आणि सोबतचा फोटो, तिन्ही तपासा. नुसती सजावट हवी असेल, तर पाच टोकांचा तारा पुरतो.