करिअर मुलांचे, शर्यत पालकांची

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर सायंकाळी एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे धावणारी मुले दिसतात. त्यांतील अनेकांचे भवितव्य आठवी-नववीतच निश्चित झालेले असते. ते निश्चित करणाऱ्यांत आई-वडील असतात, क्लासचालक असतात, शेजारच्या मुलाचे गुणही असतात. नसतो तो फक्त तो विद्यार्थी.

‘स्पर्धाच एवढी आहे, आम्ही तरी काय करणार?’ हा पालकांचा ठरलेला युक्तिवाद. परंतु या स्पर्धेचे साधे गणित तरी कितीजण मांडतात? २०२४ साली ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. मग उरलेले सारे नालायक ठरले काय? त्यांच्या घरी दुसऱ्या वाटेचा विचारच झालेला नसेल, तर ते अपयश मुलांचे नव्हे, पालकांचे आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे कोचिंग संस्थांना बजावले. जे घराने ठरवायचे, ते शासनाला सांगावे लागले! महाराष्ट्रात २०१६पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी झाली. त्या अहवालावर किती घरांत गंभीर चर्चा झाली?

मानपाडा रस्त्यालगतच औद्योगिक वसाहत आहे. तेथे २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले, माणसे प्राणास मुकली. त्यानंतर कारखाने हलवण्याची मागणी झाली, ती स्वाभाविकच होती. परंतु रसायने सुरक्षितपणे हाताळणे हे एक शास्त्र आहे, मोठ्या व धोकादायक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणे कायद्याने बंधनकारक आहे, हे किती पालकांनी मुलांना सांगितले? समाजाची गरज आणि मुलाची आवड यांची गाठ जेथे पडते, तेथेच खरे करिअर घडते.

यासाठी पालकांनी करायचे ते फार अवघड नाही. परिचयातील परिचारिका, यंत्रकारागीर, वकील, शेतकरी यांच्यासोबत मुलांना एखादा दिवस घालवू द्यावा. शुल्क, कर्ज आणि घरची ऐपत यांचा हिशेब त्यांच्यापासून लपवू नये. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी मिळू शकते, या वाटा कमीपणाच्या मानू नयेत. मुख्य म्हणजे, निकाल काहीही लागो, घराचे दार आणि मन उघडे आहे, हे मुलांना आधीच ठाऊक असावे.

भगवान श्रीकृष्णाने अर्जुनाला सारे काही समजावून सांगितले आणि अखेर निर्णय त्याच्यावरच सोपवला. धनुष्य स्वतः हाती घेतले नाही. पालकांनी सारथ्य अवश्य करावे. युद्ध मात्र मुलांना त्यांचे त्यांनाच लढू द्यावे.